परिणाम नाही, असं मी लिहिलं होतं

बागेतल्या कचऱ्यासाठी वार्षिक वर्गणी लावण्याचा प्रस्ताव आमच्या कौन्सिलपुढे आला, तेव्हा त्याला जोडलेलं समानतेविषयीचं परिशिष्ट मी लिहिलं होतं. इंग्लंडच्या मिडलंड्स भागातली ही एक मध्यम आकाराची कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका. तिच्या कचरा विभागात मी बरीच वर्षं नोकरी केली. त्या परिशिष्टात वय, लिंग, वंश, धर्म, अपंगत्व असे रकाने असतात आणि प्रस्तावाचा त्या त्या लोकांवर काय परिणाम होईल ते प्रत्येकासमोर नोंदवायचं असतं. अपंगत्वाच्या रकान्यात मी लिहिलं की वेगळा असा परिणाम नाही. सेवा ऐच्छिक आहे, आणि ज्यांना कचऱ्याचं बिन ओढता येत नाही त्यांच्यासाठी मदतीची सोय आधीपासून आहे. हे दोन्ही मुद्दे कागदावर खरे होते. त्यांच्यामुळे ज्यांचं नुकसान झालं ती माणसं मला पुढे भेटली, आणि त्या रकान्यात काय काय यायला हवं होतं ते त्यांच्याकडून समजलं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा प्रश्न किरकोळ वाटेल, म्हणून थोडं सविस्तर सांगते. इथल्या बहुतेक घरांना पुढेमागे मोकळी जमीन असते. तीत हिरवळ, आणि हद्दीवर प्रिव्हेटचं किंवा लेलँडीचं कुंपण. एप्रिल ते ऑक्टोबर हे सगळं वाढायचं थांबत नाही. गवत दर पंधरवड्याला कापावं लागतं, कुंपण वर्षातून दोनदा तरी छाटावं लागतं. न छाटून भागत नाही. फांद्या पदपथावर आल्या तर १९८० च्या महामार्ग कायद्याखाली नोटीस निघू शकते, आणि ऐकलं नाही तर फांद्या छाटून घेऊन खर्च घरमालकाकडून वसूल होऊ शकतो. कौन्सिलच्या किंवा गृहसंस्थांच्या घरांत भाड्याने राहणाऱ्यांच्या करारातही बहुधा बाग नीट ठेवायची अट असते. म्हणजे हा कचरा करायचा की नाही हे तुमच्या मर्जीवर नसतं. तो काळ्या, म्हणजे रोजच्या घरकचऱ्याच्या बिनमध्ये टाकायला आमच्याकडे मनाई होती. त्यासाठी वेगळं ब्राऊन बिन होतं, दर पंधरा दिवसांनी फुकट उचललं जाणारं.

कायद्याची बाजू अशी. घरगुती कचरा उचलणं हे १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने कौन्सिलचं कर्तव्य ठरवलं आहे आणि त्याचे वेगळे पैसे घेता येत नाहीत. काही प्रकार मात्र यातून वगळलेले आहेत, आणि २०१२ च्या नियमांतल्या यादीत बागेतला कचरा आहे. तो उचलायचे पैसे मागता येतात. २०१० नंतर केंद्र सरकारचं अनुदान आटत गेलं तशा एकेक कौन्सिला या यादीकडे वळल्या. बर्मिंगहॅमने २०१४ मध्ये वर्षाला ३५ पौंड लावले. आता ४० ते ७० पौंड ही नेहमीची गोष्ट झाली आहे, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. इंग्लंडमध्ये हे शुल्क रद्द करावं का, यावर सरकारने २०२१ मध्ये मतं मागवली होती. २०२३ च्या ऑक्टोबरात मात्र पैसे घ्यायचे की नाही हे कौन्सिलांवरच सोडलं.

शुल्क मुळातच चूक आहे असं मी तेव्हा मानत नव्हते, आजही मानत नाही. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या हिरवळीचा खर्च का उचलावा, या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. आमच्या कौन्सिलकडे कचऱ्याबरोबर वृद्धांची आणि अपंगांची देखभालही होती आणि त्या खात्यात दरवर्षी पैसे कमी पडत होते. ब्राऊन बिनमधून येणारी रक्कम ती तूट थोडी तरी भरून काढणार होती. त्यामुळे आपण योग्यच बाजूला आहोत, असं प्रस्ताव लिहिताना मला वाटत राहिलं. त्या समाधानात मी पुरेसे प्रश्न विचारले नाहीत.

माझं लहानपण सांगलीतलं. परसात खड्डा होता. पालापाचोळा, केळीची वाळकी पानं, शेण सगळं त्यात जाई आणि पावसाळ्याच्या तोंडावर खत होऊन बाहेर येई. खड्डा भरायला आणि उपसायला घरात माणसं होती; एकाची पाठ धरली तर दुसरा फावडं हातात घेई. जमीन ज्याची, त्याने तिथला कचरा निस्तरावा, हे त्यामुळे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. ज्यांना वर्गणी नको असेल त्यांच्यासाठी अहवालात मी तीन पर्याय दिले: टिपवर नेऊन टाकणं, घरी खत करणं, माळी लावणं. तिन्ही पर्याय मी माझ्याच शरीराच्या मापाने लिहिले होते.

टिप म्हणजे कौन्सिलचं कचरा टाकायचं केंद्र. रहिवाशांना घरगुती कचरा तिथे फुकट टाकता यावा अशी तरतूद त्याच १९९० च्या कायद्यात आहे, आणि अहवालात मी तिचा मोठ्या विश्वासाने दाखला दिला होता. पण आमच्या टिपवर पायी येणाऱ्याला प्रवेश नव्हता, अपघात होऊ नये म्हणून. गाडी हवी. गाडीतून ओल्या गवताच्या पिशव्या काढून, लोखंडी पायऱ्या चढून, कठड्यावरून खाली ओताव्या लागत. तिथल्या कर्मचाऱ्यांना उचलायला हात लावायची परवानगी नव्हती. कोविडनंतर वेळ आधी आरक्षित करण्याची पद्धत आली, तीही ऑनलाइन. चाकाच्या खुर्चीसकट आत जाता येईल अशी गाडी वापरणारे एक गृहस्थ मला पुढे भेटले. त्यांची गाडी उंच असल्यामुळे फाटकावर ती व्यापारी व्हॅन धरली गेली होती आणि परवाना नाही म्हणून त्यांना परत पाठवलं होतं. ते खुर्चीत बसून गाडी चालवत होते. मागे त्यांच्या बायकोने भरलेल्या चार पिशव्या होत्या.

खताबद्दल फार लिहायला नको. कौन्सिल सवलतीत प्लास्टिकचं खताचं पिंप देत असे, त्याची माहितीपत्रकं मी स्वतः छापून घेतली होती. नुसतं गवत त्यात घातलं की काळा चिखल होतो. त्यात कोरडं मिसळावं लागतं आणि काट्याने वरखाली करावं लागतं. कुंपणाच्या लाकडी फांद्या बारीक केल्याशिवाय वर्षानुवर्षं तशाच पडून राहतात. ज्याचे खांदे वर जात नाहीत, त्याने हे कसं करायचं?

माळ्याचा पर्याय मला सर्वांत निर्दोष वाटला होता, आणि तोच सर्वांत फसवा निघाला. अपंग माणूस बागेसाठी आधीच माळ्याला पैसे देत असतो, कारण कातर त्याच्या हातात धरवत नाही. माळ्याने छाटलेल्या फांद्या स्वतः न्यायच्या म्हटल्या तर त्याला कचरा वाहून नेण्याची नोंदणी लागते, आणि तो कचरा त्याच्या धंद्याचा ठरतो. घरगुती कचऱ्याच्या टिपवर तो फुकट टाकता येत नाही. म्हणून बरेच माळी फांद्या पिशव्यांत भरून तिथेच ठेवतात, किंवा नेण्याचे वेगळे पैसे मागतात. धडधाकट शेजारी शनिवारी सकाळी स्वतः गवत कापून टिपवर टाकून येतो आणि वर्गणी वाचवतो. चालता न येणारी बाई माळ्याला पैसे देते आणि वर ब्राऊन बिनचेही देते. शुल्काचा आकडा दोघांना सारखाच, पण ते चुकवायची वाट फक्त एकालाच मोकळी. हे एवढं साधं गणित मी त्या परिशिष्टात मांडलं नव्हतं, कारण ते मला सुचलंच नव्हतं.

सुचलं असतं, जर मी विचारलं असतं. प्रस्तावाआधी लोकांची मतं घ्यायची असतात. प्रश्नावली माझी होती. वर्षाला इतके पौंड द्यायला तुम्ही तयार आहात का, दोन बिनं घेतली तर सूट हवी का, पैसे हप्त्याने द्यायला आवडतील का, असे प्रश्न त्यात होते. वर्गणी घेतली नाही तर कचऱ्याचं काय कराल, हा प्रश्न नव्हता. ब्राऊन बिन घरापासून रस्त्यापर्यंत कोण नेतं, हाही नव्हता. प्रश्नावली ऑनलाइन होती, कागदी प्रती ग्रंथालयात ठेवल्या होत्या आणि त्या मागून घ्याव्या लागत. आमच्या गावात अपंग लोकांचा एक गट महिन्यातून एकदा भरतो. त्यांना मी ईमेल पाठवली. उत्तर आलं नाही, आणि ‘संपर्क साधला’ असं मी परिशिष्टात नोंदवलं. इंग्लंडमध्ये २०२१ च्या जनगणनेनुसार १७ टक्क्यांहून अधिक लोक अपंग आहेत, म्हणजे सहा माणसांमागे साधारण एक. इतक्या लोकांच्या वतीने मी उत्तर न आलेल्या एका ईमेलवर विसंबले.

समितीच्या बैठकीत एका वयस्कर सदस्याने मला सरळ विचारलं होतं, “अपंगांचं काय?” मी उभी राहिले आणि म्हणाले, “असिस्टेड कलेक्शनची सोय आहे.” त्यांनी मान डोलावली आणि पुढचा विषय निघाला. त्या उत्तराचं मला आजही फार वाईट वाटतं. असिस्टेड कलेक्शन म्हणजे ज्यांना बिन रस्त्यापर्यंत आणता येत नाही त्यांच्या दारातून किंवा बाजूच्या बोळातून ते उचलणं, आणि रिकामं करून परत जागेवर ठेवणं. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. चांगली सोय आहे. पण ती बिन ओढायची अडचण सोडवते, पैशाची नाही. शिवाय आमच्याकडे ती यादी काळ्या आणि पुनर्वापराच्या बिनांची होती. ब्राऊन बिनांच्या वर्गणीसाठी आम्ही नवी संगणक-प्रणाली घेतली, आणि ही जुनी यादी तिच्याशी जोडलेली नव्हती. चाचणीसाठी पत्ते मी निवडले होते. असिस्टेड यादीतला एकही पत्ता मी त्यात घातला नव्हता.

याचा अर्थ रस्त्यावर काय झाला ते मला डेपोतल्या एका जुन्या लोडरने सांगितलं. फुकट सेवा होती तेव्हा कचरागाडीच्या क्रूला आपापल्या राउंडवरची घरं पाठ होती. कुणाच्या बोळात बिन असतं, कोणत्या फाटकाची कडी वर उचलावी लागते, कुणाचा कुत्रा भुंकतो पण चावत नाही, हे सगळं. ब्राऊन बिन आतून आणायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं; ते आणत होते. शुल्क सुरू झालं आणि गाडीत संगणकाचा पडदा आला. ज्या पत्त्यांचे पैसे भरलेत तेवढेच त्यावर दिसत. बिनवर त्या वर्षाचा स्टिकर नसेल तर हात लावायचा नाही. “आम्ही आणलं असतं,” तो म्हणाला, “पण यादीबाहेरचं उचलू नका असं तुमच्याच परिपत्रकात होतं.” खरं होतं. परिपत्रक मी लिहिलं होतं, आणि यादीबाहेर उचलणाऱ्यावर कारवाई होईल हे वाक्यही माझंच.

पहिल्या वर्षी तक्रारी आल्या. त्यातली एक माझ्या टेबलावर आली ती मदतनीस बाईच्या हस्ताक्षरात होती, खाली सही वेगळ्या, थरथरत्या हाताची. तक्रार होती शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलेल्या, आता एकट्या राहणाऱ्या एका बाईंची. मी ठरलेल्या नमुन्यातलं उत्तर पाठवलं. सेवा ऐच्छिक आहे; आपण टिपचा वापर करू शकता; घरी खत करण्यासाठी सवलतीत पिंप उपलब्ध आहे. त्यांचं दुसरं पत्र आलं, त्यात एकच मागणी होती की कुणीतरी येऊन बघावं. मी गेले ते वरिष्ठांनी सांगितलं म्हणून. हेही लिहायला हवं.

घर रांगेच्या टोकाचं होतं. बाजूचा बोळ अरुंद, त्यात दोन पायऱ्या, आणि रस्त्याच्या बाजूला छातीएवढं प्रिव्हेटचं कुंपण. त्यांनी दार उघडलं तेव्हा वॉकरच्या दांड्यावर त्यांच्या हाताची बोटं बाहेरच्या बाजूला वळलेली दिसली, संधिवाताने. आत स्वयंपाकघरात बसवलं. माझं पत्र टेबलावरच होतं. “यात लिहिलंय की मला टिपवर जाता येईल,” त्या म्हणाल्या. “कशी जाऊ ते सांगा.” आवाजात राग नव्हता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग कळलं की त्यांनी वर्गणी भरलेली होती. भाचीने फोनवरून भरून दिली होती. स्टिकर टपालाने आला, तो मायक्रोवेव्हवर पडून होता. “एवढा लावून द्या,” म्हणून त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. मी मागचा कागद सोडवायला गेले तर कोपरा सुटेना. नखाने खरवडलं, सुरीचं टोक घातलं, तेव्हा कुठे एक कड वर आली. माझी बोटं चांगली आहेत. मग बोळात जाऊन, बिन पुसून, वाकून, झाकणाखाली पुढच्या बाजूला तो चिकटवायचा. सूचनेत तसं चित्र होतं, आणि त्या चित्राला मी मंजुरी दिली होती. पैसे भरूनही बरेच पंधरवडे त्यांचं बिन उचललं गेलं नव्हतं, कारण स्टिकर नव्हता आणि बिन रस्त्यावर नव्हतं.

त्या काळात माळ्याने कुंपण छाटलं. फांद्यांच्या पिशव्या दारात पडल्या. पावसात त्या कुजायला लागल्या तेव्हा मदतनीस बाईने थोड्या थोड्या काळ्या बिनमध्ये घातल्या, वर दुसरा कचरा घालून. क्रूने झाकण उघडलं, फांद्या दिसल्या, दांड्याला लाल टॅग बांधला आणि काळं बिन तसंच ठेवून गेला. नियमाप्रमाणे त्यांचं बरोबर होतं. पण त्या काळ्या बिनमध्ये बाईंचे लघवीसाठीचे पॅडही होते. जुलै होता. पुढची फेरी दोन आठवड्यांनी. त्या दिवसांत मागचं दार आणि खिडकी उघडता आली नाही, असं त्यांनी खिडकीकडे बघत सांगितलं. कौन्सिलला फोन केला तेव्हा पलीकडे तरुण मुलगा होता, त्याला हे कसं सांगायचं म्हणून नुसतं ‘बिन राहिलं’ एवढंच बोलल्या. त्याने टॅगची नोंद पाहिली आणि चुकीचा कचरा होता, असं नम्रपणे कळवलं.

अपंगत्वामुळे घरात जास्त कचरा होतो, तो साठवून ठेवता येत नाही, आणि एका बिनचा अडथळा दुसऱ्या बिनवर जाऊन आदळतो, हे मी आधी कुठेही वाचलं नव्हतं. वाचायला हवं होतं असं नाही. अपंगांच्या त्या गटाच्या बैठकीला एकदा गेले असते तरी कळलं असतं. मी नंतर गेले. तिथे एका अंध गृहस्थांनी सांगितलं की ब्राऊन बिनं दिवसभर पदपथावर राहतात आणि पांढरी काठी चाकात अडकते. बिन बाहेर कधी ठेवायचं ते आम्ही कळवतो, आत कधी घ्यायचं ते कळवत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. एका आईने तिच्या स्वमग्न मुलाबद्दल सांगितलं. वीस वर्षांचा आहे, आणि तो एकटा मोकळेपणाने फिरू शकतो अशी जगात एकच जागा आहे, ती मागची बाग. त्यासाठी कुंपण उंच आणि दाट ठेवावं लागतं. उंच कुंपण म्हणजे दुप्पट फांद्या, म्हणजे दोन बिनं. फरशी घालून बाग बंद करा, असा सल्ला तिला कुणीतरी दिला होता. त्या मुलाकडे बघून तो सल्ला कुणीही दिला नसता.

कायदा मला माहीत नव्हता असं म्हणायची सोय नाही. २०१० च्या समता कायद्याचं १४९ वं कलम सार्वजनिक संस्थेला सांगतं की निर्णय घेताना अपंग व्यक्तींच्या गरजा इतरांपेक्षा वेगळ्या असतात हे लक्षात घेऊन पावलं उचला, आणि त्यासाठी काहींना अधिक अनुकूल वागणूक द्यावी लागू शकते. सगळ्यांना सारखा आकडा लावला की कर्तव्य संपलं, असं त्यात नाही. टपाल कार्यालयं बंद करण्याविरुद्धच्या एका दाव्यात, ब्राउन नावाच्या, उच्च न्यायालयाने २००८ मध्येच म्हटलं होतं की हा विचार निर्णयाच्या आधी आणि निर्णय घेताना व्हायला हवा, खुल्या मनाने व्हायला हवा, नुसत्या खुणा करून भागणार नाही. या निकालावर आम्हाला प्रशिक्षण मिळालं होतं. मी टिपणंही काढली होती. तरी परिशिष्ट मी लिहिलं ते मुख्य अहवाल पूर्ण झाल्यावर, छपाईला जायच्या आठवड्यात. शुल्क किती, उत्पन्न किती, हे सगळं तोवर ठरलं होतं. त्या रकान्यात मी काहीही लिहिलं असतं तरी आकडे हलणार नव्हते, आणि मला ते माहीत होतं. बहुतेक म्हणूनच मी कमी लिहिलं.

त्यानंतर काही गोष्टी दुरुस्त झाल्या. दोन्ही याद्या जोडल्या गेल्या. काळ्या बिनसाठी मदत मिळणाऱ्याने ब्राऊनची वर्गणी घेतली की त्याची नोंद आपोआप होते. फोनवर बोलणाऱ्याने नोंदणी करून द्यायची, ऑनलाइन जा म्हणायचं नाही, हे ठरलं. असिस्टेड यादीतल्या घरांचा स्टिकर क्रू लावतो. पॅड किंवा वैद्यकीय कचरा असलेल्या घरांचं काळं बिन फांद्या दिसल्या तरी सोडायचं नाही, आधी फोन करायचा. यातल्या कशालाही मोठा खर्च आला नाही, हे मला जास्त लागतं. सुरुवातीलाच करता आलं असतं.

सवलतीच्या बाबतीत मात्र मी पुन्हा चुकले, आणि ही चूक अजून तशीच आहे. कमी उत्पन्नावर मदत घेणाऱ्यांना अर्धं शुल्क हे सुरुवातीपासून होतं. त्या बाईंचं नवऱ्यामागचं निवृत्तिवेतन त्या मर्यादेच्या जरासं वर होतं, म्हणून त्यांना ते लागू नव्हतं. अपंगत्वाच्या आधारे सवलत असावी, असा प्रस्ताव मी दुसऱ्या वर्षी मांडला. अर्थखात्याने विचारलं, पुरावा काय धरायचा? सोपं उत्तर होतं पिपचा हालचालीचा भाग, म्हणजे काम करायच्या वयातल्या अपंगांना मिळणाऱ्या भत्त्यात चालण्या-फिरण्याच्या अडचणीसाठी जे पैसे असतात ते. मी होकार दिला. पण निवृत्तीच्या वयानंतर ज्यांना अपंगत्व येतं त्यांना पिप मिळत नाही. त्यांना अटेंडन्स अलाउन्स नावाचा भत्ता मिळतो, आणि त्यात हालचालीचा भागच नसतो. तुम्हाला पाऊल टाकता येत नसलं तरी नसतो. त्या भागाच्या जोरावर मोटॅबिलिटी योजनेतून मिळणारी गाडीही मग मिळत नाही, म्हणजे टिपचा रस्ता तिथेही बंद. ब्राऊन बिनच्या शुल्काने ज्यांची सर्वांत जास्त अडचण होते त्यात सत्तरी ओलांडलेले असेच लोक फार आहेत. ते सवलतीच्या बाहेर राहणार हे मला अर्थखात्याशी बोलतानाच कळत होतं. अटेंडन्स अलाउन्स धरला तर उत्पन्न फार घटेल, असं अर्थखात्याचं म्हणणं पडलं. मी वाद घातला नाही. हट्ट धरला तर आहे तेही हातचं जाईल या भीतीने मान्य केलं. ती भीती खरी होती का, हे तपासून पाहण्याइतकाही प्रयत्न मी केला नाही. आकडे मागवता आले असते, ते मागवले नाहीत.

माझ्या कामामुळे ज्यांची सर्वांत जास्त फजिती झाली, त्या बाई आजही पूर्ण शुल्क भरतात. त्यांचं बिन आता बोळातून उचललं जातं.

मी आता कौन्सिलमध्ये नाही. साठ-सत्तरच्या दशकांत इंग्लंडला आलेल्या मराठी घरांतली पहिली पिढी आता त्या बाईंसारख्याच वयात आहे, आणि ओळखीच्या घरी गेलं की बागेचा विषय निघतोच. गुडघे गेलेत, मुलं लांब आहेत, गवत मात्र वाढतंय. त्यांना मी सांगते की असिस्टेड कलेक्शन मागा, आणि मागताना ब्राऊन बिनसाठीही हवं असं वेगळं सांगा, गृहीत धरू नका. डॉक्टरचं पत्र बहुधा लागत नाही. तुमच्या अपंगत्वामुळे जी जास्तीची मदत कौन्सिलला करावी लागते, तिचे पैसे समता कायद्याच्या २० व्या कलमाप्रमाणे तुमच्याकडून घेता येत नाहीत. कुणी मागितले तर देऊ नका. सवलत नाकारली तर ती कोणत्या आधारावर ठरवली ते लेखी विचारा. शुल्क लावताना अपंगांवरच्या परिणामांची तपासणी केली असेल तर ती कागदपत्रं माहितीच्या अधिकाराच्या २००० च्या कायद्याखाली मागवता येतात. उत्तर कामाच्या २० दिवसांत यायला हवं. ती तपासणी कुणी, कधी आणि कुणाला विचारून लिहिली, ते त्यात बघा.